एक अंश चुकला तर सत्तावन्न मीटर

बारावीचा निकाल लागला की घराघरांत इंजिनिअरिंगची चर्चा सुरू होते आणि ती दोन आकड्यांपलीकडे जात नाही. सीईटीला पर्सेंटाईल किती पडले आणि कॅम्पसमधून पॅकेज किती लाखांचं मिळेल. पहिला आकडा कॉलेजच्या दारातून आत जायचा, दुसरा बाहेर पडायचा. मधली चार वर्षं आणि पुढची पस्तीस-चाळीस वर्षं हा माणूस नेमकं काय करतो, याबद्दल आठवी-नववीतल्या मुलामुलींना कुणी काही सांगत नाही. मग त्यांना वाटतं, इंजिनिअरिंग म्हणजे एक अवघड परीक्षा आणि तिच्या पलीकडची एक नोकरी.

या कामाचे खरे आकडे वेगळे आहेत. ते ऐकून छाती दडपते, आणि त्यातले बरेचसे आपल्या महाराष्ट्रातच, एसटीने जाता येईल इतक्या अंतरावर उभे आहेत. माझं म्हणणं एवढंच, की हे आकडे मुलांसमोर ठेवावेत आणि त्यांची फोड त्यांच्याकडूनच करून घ्यावी. कारण आकडा कितीही अवाढव्य असला तरी त्याची पहिली फोड शाळेतल्या गणितानेच होते. इंजिनिअरसुद्धा तिथूनच सुरुवात करतो.

१ टीएमसी

पावसाळ्यात रोज संध्याकाळी बातम्यांत ऐकू येतं, 'कोयनेत इतके टीएमसी पाणी.' टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट. लिटरमध्ये सांगायचं तर सुमारे २,८३१ कोटी लिटर. मुंबई महानगराला रोज साधारण ४०० कोटी लिटर पाणी लागतं. म्हणजे एक टीएमसी पाण्यात मुंबईचा एक आठवडा निघतो. कोयना धरणात पूर्ण भरल्यावर सुमारे १०५ टीएमसी पाणी मावतं. तेवढ्यात मुंबईची दोन वर्षं निघतील.

हा सगळा साठा १०३ मीटर उंचीच्या एका भिंतीने अडवला आहे. पण कोयनेची खरी करामत भिंतीच्या मागे आहे. कोयना नदी सह्याद्रीच्या पूर्वेला, कृष्णेकडे वाहते. इंजिनिअरांनी तिचं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्यांनी पश्चिमेला वळवलं आणि कोकणाच्या बाजूला पोफळीजवळ सुमारे पावणेपाचशे मीटर खाली आणलं. तिथे जमिनीखाली कोरलेल्या वीजघरात ते टर्बाइन फिरवतं. बाहेर पडलेलं पाणी कोळकेवाडीच्या धरणात पुन्हा अडवून तिथल्या टर्बाइनवरून दुसऱ्यांदा कामाला लावलं जातं. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे.

मेगावॅट हा शब्द ऐकून मान डोलावण्यापेक्षा एक गणित करू. बऱ्याच घरांच्या गच्चीवर हजार लिटरची पाण्याची टाकी असते. त्यातलं पाणी हजार किलोचं. हे पाणी ४७५ मीटर खाली आलं तर किती ऊर्जा मिळेल? नववीच्या विज्ञानातलं सूत्र आहे : वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. १,००० गुणिले ९.८ गुणिले ४७५, म्हणजे साडेसेहेचाळीस लाख ज्यूल. विजेच्या बिलावरचा एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. यंत्रांत दहा टक्के वाया गेले असं धरलं तरी एका टाकीतून एक युनिटहून थोडी जास्त वीज मिळते. त्यावर घरातला ७५ वॅटचा पंखा पंधरा तास चालेल.

आता उलट मोजा. कोयनेच्या चौथ्या टप्प्याची क्षमता एक हजार मेगावॅट. तो पूर्ण ताकदीने चालवायचा तर दर सेकंदाला किती टाक्या रिकाम्या कराव्या लागतील? याच हिशेबाने साधारण दोनशे चाळीस. एका सेकंदात दोनशे चाळीस टाक्या, पुढच्या सेकंदात आणखी दोनशे चाळीस. हे पाणी ज्या नळांतून धावतं त्यांच्या पोलादाची जाडी, वळणावर बसणारा धक्का, झडप अचानक मिटली तर मागे उसळणारा दाब, हे सगळं कुणीतरी आधी कागदावर मोजलेलं असतं.

याच टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी कोयनेत 'लेक टॅपिंग' झालं. धरण रिकामं न करता, भरलेल्या तलावाच्या तळाखालून बोगदा नेला, तळाशी काही मीटर जाडीचा खडक शिल्लक ठेवला आणि शेवटी तो एका स्फोटात उडवून पाण्याला वाट करून दिली. २५ एप्रिल २०१२ रोजी तिथेच हा प्रयोग पुन्हा झाला. स्फोटाला जास्त दारू भरली तर आजूबाजूचं बांधकाम हादरणार. कमी पडली तर अर्धवट फुटलेला खडक तलावाच्या तळाशी अडकून बसणार, आणि तिथे पुन्हा जाता येत नाही. अशा कामाची रंगीत तालीम प्रत्यक्ष जागेवर करता येत नसते. सगळा सराव गणितात आणि मॉडेलवर करावा लागतो.

१ अंश

कंपासपेटीतला कोनमापक काढा. त्यावरची सगळ्यात लहान खूण एका अंशाची असते.

रत्नागिरीजवळ कोकण रेल्वेचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे. समजा एवढा बोगदा दोन्ही तोंडांकडून एकाच वेळी खणायला घेतला आणि दोन्ही तुकड्या मध्यावर भेटणार आहेत. प्रत्येकीच्या वाट्याला सव्वातीन किलोमीटर. त्यातल्या एका तुकडीची दिशा सुरुवातीला एकाच अंशाने चुकली, तर मध्यावर पोचेपर्यंत ती ५७ मीटर बाजूला गेलेली असेल. दहावीतलं त्रिकोणमितीचं 'टॅन' इथे थेट लागू होतं. चूक एका अंशाच्या साठाव्या भागाएवढी, म्हणजे एका मिनिटाची असली तरी फरक जवळजवळ एक मीटरचा पडतो. रूळ जोडताना एक मीटर म्हणजे फार झालं. डोंगराच्या आत ना सूर्य दिसतो, ना खुणेचं झाड. बाहेर डोंगरमाथ्यावर घेतलेली मोजमापं आत नेऊन, पुन्हा पुन्हा तपासत पुढे सरकावं लागतं.

रोहा ते ठोकूर हा कोकण रेल्वेचा मार्ग सुमारे ७४० किलोमीटरचा. त्यात नव्वदहून अधिक बोगदे, त्यांची एकूण लांबी ऐंशी किलोमीटरच्या वर, आणि लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल. इतके पूल आणि बोगदे कशासाठी? उत्तर एका साध्या गुणोत्तरात आहे : १५०ला १. दीडशे मीटर पुढे जाताना रूळ एक मीटरपेक्षा जास्त चढता कामा नये, अशी अट इंजिनिअरांनी घालून घेतली होती.

ही अट किती कडक आहे ते बोरघाटाशी ताडून पाहिलं की कळतं. १८५६ ते १८६३ या काळात खोदलेल्या बोरघाटाचा चढ ३७ला १ आहे. एक हजार टनांची गाडी घ्या. बोरघाटात तिच्या वजनातले सुमारे २७ टन गाडीला सतत मागे ओढत असतात. कोकण रेल्वेच्या चढावर हा भार सात टनांच्याही आत राहतो. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे ढकलायला जादा इंजिनं लागतात, रेल्वेच्या भाषेत 'बँकर' लागतात. कोकणात एकच इंजिन गाडी पळवतं. पण त्याची किंमत दरीवर पूल आणि डोंगरात बोगदा अशी मोजावी लागली. रत्नागिरीजवळ पानवलचा पूल दरीच्या तळापासून ६४ मीटर उंच आहे. एवढ्या उंचीवर खालून आधार उभारत बसण्याऐवजी पुलाचा तुकडा काठावरच ओतायचा, तो जॅकने दरीवर पुढे सरकवायचा आणि त्याच्या मागे पुढचा तुकडा ओतायचा, अशा पद्धतीने तो बांधला. काळ्या पाषाणातला बोगदा खणायला सोपा वाटावा अशी दैना पेडण्याच्या मऊ मातीने केली. खणलेली जागा पुन्हा पुन्हा ढासळत होती आणि दीडेक किलोमीटरच्या त्या बोगद्याने वर्षानुवर्षं खाल्ली. १९९० साली ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं आणि १९९८मध्ये सबंध मार्ग सुरू झाला. काम मात्र तिथे संपलं नाही. दर पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक लागतं, गाड्यांचा वेग कमी केला जातो आणि गस्तीवाले रुळांवरून चालत राहतात.

बोरघाटाचा उल्लेख केला की तिथल्या मजुरांचाही हिशेब द्यावा लागतो. ऐन कामाच्या दिवसांत चाळीस हजारांच्या आसपास माणसं त्या घाटात राबत होती. साथीच्या आजारांनी त्यातली हजारो दगावली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर काही दिवसांतच वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट सोडलं नाही, जाणकार इंजिनिअर नेमून घाटाचं काम पूर्णत्वाला नेलं. आज त्या घाटातून प्रवास करताना खिडकीतून धबधबे पाहावेतच, पण बोगद्याच्या दगडी कमानीवरही नजर टाकावी. ती हातांनी रचलेली आहे.

४५ मीटर, पण आरपार दिसणारे

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावच्या जवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या उभ्या आहेत. एकूण तीस. चौदा मध्यभागी जवळजवळ, उरलेल्या सोळा तीन दिशांना वाय या अक्षराच्या आकारात शेतांमधून पसरलेल्या. सगळ्यात दूरच्या दोन तबकड्यांमधलं अंतर सुमारे २५ किलोमीटर. ही जीएमआरटी, प्रचंड मीटरतरंग रेडिओ दुर्बीण. आकाशातल्या मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या जगातल्या मोठ्या दुर्बिणींत तिची गणना होते.

एका तबकडीचं तोंड जवळपास १,५९० चौरस मीटरचं. तीस मिळून बारा एकरांच्या आसपास. बारा एकर पत्रा वाऱ्यात तोलून धरायचा आणि ताऱ्यांच्या मागे हळूहळू फिरवायचा, तर त्याला केवढा सांगाडा लागला असता आणि केवढा खर्च आला असता! गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अडचणीचं मूळ शोधलं. रेडिओ लहर परतवायला पत्राच लागतो असं नाही. जाळीची भोकं लहरीच्या लांबीपेक्षा बरीच लहान असली की लहरीला ती जाळी भिंतीसारखीच वाटते. जीएमआरटी ज्या लहरी टिपते त्यांची लांबी २१ सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत असते. म्हणून एक ते दोन सेंटिमीटरच्या चौकोनांची, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी पुरली. ती पोलादी दोरांवर ताणून बसवली. लहर अडली, वारा मात्र आरपार गेला. वाऱ्याचा भार उतरला तसा सांगाड्याचं वजन उतरलं, वजन उतरलं तशा मोटारी लहान झाल्या आणि खर्च आवाक्यात आला. तबकडीखाली उभं राहून वर पाहिलं तर जाळीतून निळं आकाश दिसतं.

गोविंद स्वरूप यांनी १९६५ साली कल्याणजवळ सहा फुटी तबकड्यांची एक दुर्बीण उभारली होती. बत्तीस तबकड्या, ऑस्ट्रेलियातून भेट मिळालेल्या. सहा फुटांपासून पंचेचाळीस मीटरपर्यंतचा हा प्रवास एका माणसाच्या आयुष्यातला आहे.

शाळेसाठी इथे आणखी एक गणित आहे. दुर्बिणीत प्रत्येक तबकडीचा सिग्नल दुसऱ्या प्रत्येक तबकडीच्या सिग्नलशी ताडून पाहावा लागतो. तीस तबकड्यांच्या अशा जोड्या किती? वर्गातल्या तीस मुलांनी एकमेकांशी एकेकदा हस्तांदोलन केलं तर किती वेळा होईल, तेवढ्या. तीस गुणिले एकोणतीस भागिले दोन : ४३५. संगणकाला प्रत्येक क्षणी ही ४३५ जोड्यांची तुलना करावी लागते. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरतं आणि आसपासच्या शाळांची मुलं आपापले प्रयोग घेऊन येतात. शिक्षकांनी त्या दिवशीची सहल ठरवावी. पाणीपुरी आणि घसरगुंडीच्या सहली वर्षभर होतातच.

१९,००,००,००,०००

आता मोठ्याकडून लहानाकडे येऊ. खिशातल्या चांगल्या मोबाईलच्या मुख्य चिपमध्ये आज १,५०० ते २,००० कोटींच्या घरात ट्रान्झिस्टर असतात. १,९०० कोटी धरू. दर सेकंदाला एक याप्रमाणे, झोप-जेवण सोडून कुणी ते मोजायला बसलं तर सहाशे वर्षं लागतील. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या दोनशे वर्षं आधी मोजायला बसलेल्याचं मोजून आत्ता कुठे होत आलं असतं.

याच मोजणीने मागे जाऊन पाहा. १९७१ साली इंटेलची ४००४ ही चिप बाजारात आली. तिच्यावर २,३०० ट्रान्झिस्टर होते. ते मोजायला अडतीस मिनिटं पुरतात, म्हणजे शाळेचा एक तास. अडतीस मिनिटांपासून सहाशे वर्षांपर्यंतची ही उडी पन्नास-पंचावन्न वर्षांत झाली. पहिला ट्रान्झिस्टर बनला तोच मुळी डिसेंबर १९४७मध्ये.

एवढ्या ट्रान्झिस्टरांचं चित्र कुणी एकटा काढत नाही. दोन-चार ट्रान्झिस्टरांचं एक लहानसं काम पक्कं करायचं, ते तपासून ठेवायचं, मग अशा तपासलेल्या कामांचा गट, गटांचा विभाग, विभागांची चिप. एकाच्या कामावर दुसऱ्याचा भरवसा बसावा म्हणून तपासणीवर अफाट वेळ खर्च होतो. एकदा चिप छापून झाली की खोडरबर चालत नाही. चिपमधल्या काही भागांची रुंदी सिलिकॉनच्या जेमतेम काही डझन अणूंएवढी असते. तिथे धुळीचा एक कण पडला तरी चिप फेकून द्यावी लागते. म्हणून कारखान्यातली हवा गाळणारा, पाणी शुद्ध करणारा, जमिनीचा कंप शोषणारा असे अनेक शाखांचे इंजिनिअर एका चिपमागे उभे असतात. 'मला कॉम्प्युटरच हवं' असं म्हणणाऱ्या मुलांनी हे लक्षात घ्यावं. कॉम्प्युटर बनतो तो रसायन, यंत्र, वीज आणि स्थापत्य या सगळ्यांच्या खांद्यावर.

दशांश चिन्हानंतर अठरा शून्यं

मराठवाड्यात हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ आहे. त्याच परिसरात लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहणार आहे. एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली, खर्च २,६०० कोटी रुपये. चार चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, एकमेकींशी काटकोनात. त्यांच्या आत लेसरचा झोत आरशांमध्ये धावणार आणि गुरुत्वीय लहर पृथ्वीवरून गेली की त्या लांबीत पडणारा फरक टिपणार.

फरक किती? सुमारे ०.००००००००००००००००००१ मीटर. दशांश चिन्हानंतर अठरा शून्यं आणि मग एक. अणूच्या पोटात केंद्रक, केंद्रकात प्रोटॉन, आणि त्या प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाहूनही हे अंतर कमी आहे. अमेरिकेतल्या लायगोने १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा असा फरक टिपला. दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेली ती लहर इथे पोचायला १३० कोटी वर्षं लागली होती. गोंगाटातून असा पुसटसा सिग्नल वेगळा काढण्याच्या गणितात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे.

इतकं बारीक मोजायला काय करावं लागतं ते जवळून पाहू. आरसा ४० किलोचा. जमिनीचा कंप त्याच्यापर्यंत पोचू नये म्हणून तो एकाखाली एक अशा लंबकांवर टांगतात, आणि शेवटचा टप्पा असतो ०.४ मिलिमीटर जाडीच्या काचेच्या तंतूंचा. नळ्यांमधली हवा काढून टाकतात, ती इतकी की आतला दाब बाहेरच्या दाबाच्या लाख-कोटींशाएवढाच उरतो. किलोमीटरच्या किलोमीटर वेल्डिंगमध्ये सुईच्या टोकाएवढं छिद्र राहिलं तरी चालत नाही. आणि नळी सरळ म्हणजे खरोखर सरळ हवी. पृथ्वी गोल असल्यामुळे चार किलोमीटरमध्ये जमीन सव्वा मीटर खाली वाकते. ओळंबा धरून जमिनीच्या पातळीने बांधत गेलं तर नळीच वाकडी होईल आणि लेसर भिंतीवर आपटेल. गवंड्याला घर बांधताना पृथ्वीच्या गोलाईचा विचार करावा लागत नाही. औंढ्यात करावा लागणार आहे.

हिंगोली, परभणी, नांदेडच्या शाळांमधल्या मुलांनी हे ऐकावं असं मला मनापासून वाटतं. आपल्या भागात असं काम व्हायचं आहे आणि त्याला भौतिकशास्त्रज्ञांइतकीच गरज निर्वात तंत्राच्या जाणकारांची, इलेक्ट्रॉनिक्सच्या इंजिनिअरांची आणि अव्वल दर्जाच्या वेल्डरांची लागेल.

१२ जुलै १९६१

ही तारीख पुण्यातल्या जुन्या माणसांना सांगावी लागत नाही. त्या दिवशी सकाळी बांधकाम पूर्ण न झालेलं पानशेतचं मातीचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं धरण फुटलं आणि मुठेचं पाणी शहरात शिरलं. पेठा पाण्याखाली गेल्या, हजारो संसार वाहून गेले. सहा वर्षांनी, ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरला भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसं मेली. धरणाला तडे गेले, पण भिंत उभी राहिली, आणि पुढे ती आणखी मजबूत करण्यात आली.

मुलांना या दोन्ही गोष्टी सांगाव्यात, कारण या पेशाची जबाबदारी त्यांत आहे. गणिताच्या पेपरात चुकलेल्या आकड्याचे दोन मार्क जातात. इथे चुकलेल्या आकड्याच्या खाली गाव असतं. म्हणून इंजिनिअर हिशेबाने जेवढी ताकद लागेल तेवढीच देऊन थांबत नाही, त्याच्या दीडपट, दुप्पट, कधी त्याहून जास्त देतो. म्हणूनच तो आपलं काम दुसऱ्याला तपासायला देतो, आणि तपासणाऱ्याने चूक काढली तर आभार मानतो. ही सवय शाळेत लागली तर सोनंच. उत्तर आलं की वही मिटण्याआधी 'हे उत्तर शक्य तरी आहे का?' असं स्वतःला विचारणारं मूल अर्धं इंजिनिअर झालेलं असतं.

खडकवासल्याच्या जुन्या धरणावर १९०३ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले होते. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की पाण्याच्याच जोराने ते उघडायचे आणि पातळी उतरली की मिटायचे. भिंत न वाढवता साठा वाढला. विश्वेश्वरय्या पुण्याच्याच कॉलेजात शिकले, जे आज सीओईपी म्हणून ओळखलं जातं आणि ज्याची सुरुवात १८५४ची आहे. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, आपण अभियंता दिन म्हणून पाळतो.

वाटा किती?

एकापेक्षा जास्त. बारावी सायन्सनंतर एमएचटी-सीईटी किंवा जेईई देऊन पदवीला जाता येतं, ही वाट सगळ्यांना ठाऊक आहे. दहावीनंतर थेट तीन वर्षांचा डिप्लोमा करून पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, ही वाट ग्रामीण भागातल्या अनेक मुलांना जास्त सोयीची पडते, कारण हाताने काम करायला लवकर मिळतं. आयटीआयमधून फिटर, टर्नर, वेल्डर झालेल्यालाही पुढे डिप्लोमाकडे जाता येतं. आणि पुढे गेला नाही तरी वर सांगितलेल्या एकाही प्रकल्पाचं पान त्याच्यावाचून हलत नाही.

मुलींसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. २०२४-२५पासून महाराष्ट्रात आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत आहे. 'फी झेपणार नाही' म्हणून मुलीचा अर्जच न भरणाऱ्या पालकांनी आधी शाळेत किंवा कॉलेजात चौकशी करावी.

सुरुवात छपरापासून

शेवटी एक काम देतो. ते करायला सीईटीची वाट पाहावी लागत नाही.

समजा तुमच्या शाळेचं छप्पर २५ मीटर लांब आणि २० मीटर रुंद आहे. क्षेत्रफळ ५०० चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. तुमच्या अवर्षणग्रस्त तालुक्यात वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडतो असं धरू. छपरावर अडीच लाख लिटर पाणी पडलं. त्यातलं वीस टक्के उडून, सांडून गेलं तरी दोन लाख उरलं. दोनशे मुलं, प्रत्येकी रोज पाच लिटर, शाळेचे दोनशे दिवस : बरोबर दोन लाख लिटर!

इथपर्यंत गणित झालं. इंजिनिअरिंग यापुढे आहे. दोन लाख लिटर साठवायला दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि दोन मीटर खोल टाकी लागते. एवढी जागा शाळेत आहे का? पावसाळ्यात पाणी वापरतही जाणार, मग टाकी लहान चालेल का, आणि किती लहान? पहिल्या सरीबरोबर छपरावरची घाण येते, ती बाजूला कशी काढायची? पन्हळ केवढी हवी, म्हणजे जोराच्या सरीतही पाणी बाहेर सांडणार नाही? टाकीत शेवाळ धरू नये म्हणून काय करायचं? सगळ्याला मिळून पैसे किती, आणि ग्रामपंचायतीकडे मागायचे तर कागदावर काय मांडायचं? दुष्काळाच्या वर्षी पाऊस निम्माच पडला तर?

यातल्या बऱ्याच प्रश्नांचं उत्तर एका आकड्यात येतं आणि प्रत्येक आकडा तुमच्या शाळेपुरता वेगळा आहे, त्यामुळे तो कुठल्याही गाईडमध्ये सापडणार नाही. चौघा-पाचजणांचा गट करा, विज्ञानाच्या बाईंना किंवा सरांना सोबत घ्या आणि उद्या मधल्या सुट्टीत टेप घेऊन शाळेची लांबी-रुंदी मोजा. मोजमाप दोघांनी वेगवेगळं घ्या. दोघांचा आकडा जुळला नाही तर तिसऱ्यांदा मोजा, आणि जुळला की तारीख घालून वहीत लिहून ठेवा.